रैयोलीचे गोटे

मराठी भाषेने दगडावर फार अन्याय केला आहे. गणितात नापास झालेला मुलगा दगड. उत्तम गाणे ऐकून ज्याची मान हलत नाही तो श्रोता दगड. आणि ज्या गृहस्थाच्या डोक्यात आपले म्हणणे शिरत नाही, त्याच्या डोक्यात तर धोंडेच भरलेले! 'दगडापेक्षा वीट मऊ' म्हणून आपण स्वतःचे समाधान करून घेतो आणि अडचणीत सापडलो की 'दगडाखाली हात सापडला' असे म्हणतो. ज्या मुलुखाचे घाट दगडाचे, किल्ले दगडाचे, लेणी दगडाची आणि देवही बहुतेक दगडाचेच, त्या मुलुखातल्या लोकांनी दगडाला अशी नावे ठेवावीत हे काही बरे नव्हे.

याचे प्रायश्चित्त घ्यायचे असेल तर एकदा रैयोलीला जाऊन यावे.

हे नाव आपल्यापैकी फार थोड्यांच्या कानावरून गेले असेल. गुजरातची सहल म्हटली की सोमनाथ, द्वारका, गीरचे सिंह आणि कच्छचे रण ही चार नावे ठरलेली. जास्त उत्साही मंडळी केवडियाला जाऊन सरदारांचा पुतळा पाहून येतात. रैयोली या यादीत बसत नाही. महिसागर जिल्ह्यात बालासिनोर नावाचे गाव आहे. एके काळी तिथे बाबी नबाबांचे छोटेसे संस्थान होते. त्या बालासिनोरजवळ हे रैयोली. तिथे समुद्र नाही, थंड हवा नाही, तीर्थ नाही. आहेत ते नुसते दगड. पण त्या दगडांत साडेसहा कोटी वर्षांपूर्वी नांदत असलेली एक दुनिया अडकून बसली आहे. आणि ती लोकांना समजावून सांगण्यासाठी २०१९ च्या जून महिन्यात तिथे एक डायनासोर संग्रहालय उघडण्यात आले.

आम्ही गेलो ते बडोद्याहून. सौभाग्यवतींचे माहेर बडोद्याचे. मेहुणे भूगोलाचे निवृत्त शिक्षक. आयुष्यभर त्यांनी फळ्यावर रंगीत खडूंनी भारताचे नकाशे काढले आणि पुसले. त्यांचा नऊ वर्षांचा नातू आमच्याबरोबर होता. खरे म्हणजे आम्हीच त्याच्याबरोबर होतो, कारण डायनासोरची नावे त्याला आमच्या नातेवाइकांच्या नावांपेक्षा अधिक पाठ होती. बडोद्याची मराठी मुले घरात मराठी आणि गल्लीत गुजराती बोलतात, त्यामुळे एकाच वाक्यात दोन्ही भाषा सुखाने नांदतात. हा पठ्ठ्या 'खरं' म्हणायच्या जागी सर्रास 'साचं' म्हणतो. त्याची आत्या त्याला टोकत होती. मी म्हटले, "बोलू दे. 'साच' हा आपल्या संतांचा शब्द आहे. आपण टाकला, गुजरात्यांनी ठेवला."

वाटेत महीचा पूल ओलांडला, चरोतरातली तंबाखूची हिरवीगार शेते मागे टाकली आणि डाकोरला थांबलो. रणछोडरायाचे दर्शन घेतल्याशिवाय पुढे जायचे नाही ही सौभाग्यवतींची अट होती. इथले आजचे देऊळ १७७२ साली गोपाळराव जगन्नाथ तांबवेकर या मराठी सराफाने बांधले, हे मेहुण्यांनी आम्हाला पायऱ्या चढता चढता ऐकवले. दर्शन झाल्यावर डाकोरचे प्रसिद्ध गोटे खाल्ले. हे गोटे म्हणजे बेसनाची खमंग गोल भजी. दह्याबरोबर खातात. मेहुणे म्हणाले, "पोटभर खाऊन घ्या. पुढचे गोटे दातांनी फुटायचे नाहीत."

बालासिनोरहून रैयोलीकडे वळले की जमीन हळूहळू ओबडधोबड होत जाते. बोरी-बाभळींची झुडपे, मधूनच शेताचा तुकडा आणि दोन्ही बाजूंना बुटक्या टेकाडांच्या रांगा. इथे काही पाहण्यासारखे असेल असे चुकूनही मनात येत नाही. आणि मग एकाएकी संग्रहालयाची नवी कोरी इमारत समोर उभी राहते.

आत पाऊल टाकले तोच आमच्या छोट्या मार्गदर्शकाने पहिला प्रश्न केला. समोर एक अजस्र प्राणी जबडा वासून उभा होता.

"आजोबा, हा साचा की खोटा?"

"खोटा. मूर्तिकारानं बनवलेला."

त्याने मान हलवली आणि पुढे गेला. पुढे प्रत्येक वस्तूसमोर तोच प्रश्न. भिंतीवरच्या चित्रापुढे, पडद्यावरच्या हलत्या देखाव्यापुढे, गळ्याएवढ्या उंचीच्या हाडापुढे. पहिल्याप्रथम मला त्याची गंमत वाटली. नंतर लक्षात आले की संग्रहालयात विचारण्यासारखा खरोखर हा एकच प्रश्न आहे.

क्रिटेशस नावाचे युग पृथ्वीच्या इतिहासात सुमारे साडेचौदा कोटी वर्षांपूर्वी सुरू झाले आणि ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी संपले. लॅटिन भाषेत खडूला 'क्रेटा' म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. कारण युरोपातले पांढऱ्या खडूचे प्रचंड थर याच युगातले. जन्मभर खडूशी संसार केलेल्या आमच्या मेहुण्यांना या व्युत्पत्तीचा भारी अभिमान. या युगाच्या उत्तरार्धात भारत आजच्या जागी नव्हता. आफ्रिका, मादागास्कर, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया यांच्याबरोबर एकत्र कुटुंबात राहणारा हा भूखंड कुटुंब फुटल्यावर एकेकापासून वेगळा होत गेला. शेवटी मादागास्करचाही हात सुटला, त्याला आता पावणेनऊ कोटी वर्षे झाली. तेव्हापासून भारत हे एक भलेमोठे बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत निघाले होते. हिमालय अजून जन्माला यायचा होता. आणि या बेटावर, आज जिथे जबलपूर, चंद्रपूर, धार आणि रैयोली आहे तिथल्या नद्या-तळ्यांच्या काठी, डायनासोर चरत होते, एकमेकांना खात होते आणि अंडी घालत होते. त्या काळी साचलेल्या वाळू-चिखलाच्या आणि चुनखडीच्या थरांना भूवैज्ञानिक 'लमेटा' म्हणतात. नर्मदेवर जबलपूरजवळ लमेटा घाट आहे, त्याचे हे नाव.

या जबलपूरचीच एक गोष्ट मेहुण्यांनी आम्हाला संग्रहालयातल्या बाकावर बसून सांगितली. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून ज्याचे नाव आपण ऐकतो त्या स्लीमनला १८२८ साली जबलपूरच्या एका टेकडीपाशी दगड झालेली काही हाडे सापडली. त्या वेळी 'डायनासोर' हा शब्दसुद्धा जन्मला नव्हता. तो रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये घडवला. हाडे हातोहात फिरत कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेपकडे पोचली. अशोकाची ब्राह्मी लिपी वाचणारा तोच हा प्रिन्सेप. पुढे १८७७ मध्ये लिडेकर या शास्त्रज्ञाने या प्राण्याला 'टायटॅनोसॉरस इंडिकस' असे भारदस्त नाव दिले. आणि एवढे बारसे झाल्यावर हाडे हरवली! कुठे ठेवली होती ते कुणाला आठवेना. अनेक दशके शास्त्रज्ञ त्या हाडांवर लिहीत होते आणि पाहायला मात्र हाडे नव्हती. २०१२ साली कोलकात्यात भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या संग्रहात शोधाशोध करताना ती पुन्हा हाती लागली.

"म्हणजे ती जमिनीत सहा-साडेसहा कोटी वर्षं नीट राहिली," मी म्हटले, "आणि आपल्या कपाटात हरवली."

"म्हणून तर सांगतो," मेहुणे म्हणाले. "जमिनीतून काढणं सोपं. सांभाळणं कठीण."

रैयोलीची कथा मात्र अगदी अलीकडची. १९८१ च्या सुमारास या भागात सिमेंटसाठी चुनखडीची खाण चालू होती. भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे लोक पाहणीसाठी आले असताना खाणीतल्या कामगारांनी त्यांना काही गोल गोटे दाखवले. ते गोटे म्हणजे डायनासोरची अंडी निघाली. त्या शोधात डॉ. धनंजय मोहबे होते. पुढे त्यांनी नागपुरात राहून या विषयात जन्म घालवला. मग हाडे निघू लागली. १९८२ ते १९८४ या काळात सुरेश श्रीवास्तव यांनी हाडांचा मोठा ढीग, कोणते हाड कुठे सापडले याच्या काटेकोर नकाशासह, गोळा केला. तो नकाशा पुढे फार उपयोगी पडला. भारतीय आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी मिळून त्या ढिगातून एकाच प्राण्याची हाडे वेगळी केली आणि २००३ मध्ये जगाला एका नव्या मांसाहारी डायनासोरची ओळख करून दिली. त्याचे नाव 'राजासॉरस नर्मदेन्सिस', म्हणजे नर्मदेकाठचा राजा.

हा राजा दोन पायांवर चालणारा, सात-आठ मीटर लांबीचा, आखूड आणि भक्कम डोक्याचा होता. कपाळावर एक बुटके शिंग होते, तोच त्याचा मुकुट. त्याचा जवळचा भाऊबंद मादागास्करमध्ये सापडतो. घर फुटून दोन कोटी वर्षे झाली तरी चेहरेपट्टी सुटली नाही! आम्ही त्याच्यासमोर उभे असताना अपेक्षित प्रश्न आलाच.

"हा तरी साचा?"

मेहुण्यांनी विचार करून उत्तर दिले, "हा साच्यातला आहे, बाळ. साचा नाही. सापडली ती हाडं साची. ती सरकारी भूवैज्ञानिकांच्या ताब्यात जपून ठेवली आहेत. त्यांच्यावरून हिशेब करून हा उभा केला आहे."

"मग साचं कुठं बघायचं?"

"बाहेर," मेहुणे म्हणाले.

संग्रहालयाजवळच जीवाश्म उद्यान आहे. उद्यान म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणारी हिरवळ, कारंजी आणि भेळेच्या गाड्या इथे शोधू नयेत. कुंपण घातलेले एक उघडे माळरान, त्यावर उंचवटे आणि ठरवून दिलेली पायवाट. गावातलाच एक वयस्कर माणूस आमच्याबरोबर आला. डोक्याला फडके, हातात पाण्याची बाटली. मला वाटले, उन्हाची म्हणून घेतली असेल. थोडे चालल्यावर तो एका खडकापाशी थांबला, उकिडवा बसला आणि बाटलीतले पाणी त्याने खडकावर शिंपडले. देव्हाऱ्यातल्या टाकावरचे किटण निघावे तसे धुळीखालून एक लांबट, वेगळ्या रंगाचे, कडेला जाळीदार असे काहीतरी उमटले.

"हाडकुं," तो म्हणाला.

पुढच्या उंचवट्यावर त्याने पुन्हा पाणी शिंपडले. या वेळी खडकात वर्तुळ उमटले. नारळाएवढे गोल, मध्ये दगड, कडेला कवचाची बारीक काळसर रेघ. त्याच्या शेजारी दुसरे. त्याच्या पलीकडे तिसरे. कुणीतरी टोपलीत मांडून ठेवावी तशी ती अंडी साडेसहा कोटी वर्षे तशीच पडून होती.

आमचा छोटा शास्त्रज्ञ गुडघ्यांवर बसला. बराच वेळ काहीच बोलला नाही. मग त्याने आजोबांकडे वर पाहिले. आजोबांनी नुसती मान हलवली. त्या दिवसात प्रथमच त्याला प्रश्न विचारावा लागला नाही.

ही अंडी राजासॉरसची नव्हेत. ती लांब मानेच्या, अवाढव्य, शाकाहारी डायनासोरची. मादी मऊ जमिनीत खळगा उकरी, त्यात अंडी घाली आणि माती लोटून निघून जाई. नर्मदेच्या खोऱ्यात धार जिल्ह्यात सापडलेल्या ९२ घरट्यांचा आणि २५६ अंड्यांचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. ही घरटी एकमेकांना इतकी खेटून आहेत की त्यांच्या मधून एवढ्या मोठ्या धुडाला वावरायला जागाच नाही. तेव्हा अंडी उबवणे, पिल्लांची राखण करणे हे काही त्यांच्या हातून झालेले दिसत नाही.

"म्हणजे अंडी घालायची आणि चालतं व्हायचं?" सौभाग्यवतींना हे मुळीच पटले नाही.

पिल्लांची राखण नसली की काय होते याचा पुरावाही याच मुलुखाने दिला आहे. डॉ. मोहबे यांना १९८० च्या दशकात धोली डुंगरी गावाजवळ एक घरटे सापडले. त्यात अंडी होती आणि नाजूक हाडे होती. ती पिल्लाची असावीत असे तेव्हा वाटले होते. २००१ मध्ये जेफ्री विल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञाने तो दगड पाहिला तेव्हा त्याला त्यातल्या काही मणक्यांची ठेवण ओळखीची वाटली. ते मणके सापाचे होते! दगड काळजीपूर्वक साफ केल्यावर संपूर्ण प्रसंग उलगडला. साडेतीन मीटर लांबीचा साप एका फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घालून बसला आहे आणि त्याच्या बाजूला जेमतेम अर्ध्या मीटरचे, नुकतेच बाहेर आलेले पिल्लू आहे. पिल्लू बाहेर पडायला आणि साप तिथे यायला एकच गाठ पडली. पण सापाचा घास तोंडात जाण्याआधीच वरून वाळूचिखलाचा लोंढा आला आणि शिकार, शिकारी, घरटे सारेच गाडले गेले. २०१० मध्ये या सापाचे नाव 'सनाजेह इंडिकस' ठेवण्यात आले. काळ कसा टपून बसलेला असतो ते आपण कीर्तनात ऐकतो. इथे तो चक्क दगडात पाहायला मिळतो. फक्त या कीर्तनात काळालाही काळाने गाठले आहे.

आम्ही परत फिरत असताना एक लहानसा प्रसंग घडला. तो सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

आमच्या पुढे आणखी एक कुटुंब होते. चांगले कपडे, चांगली मोटार, चांगली माणसे. त्यातल्या गृहस्थांनी वाकून जमिनीवरचा एक चपटा तुकडा उचलला, रुमालाने पुसला आणि सहज खिशात टाकला. आमच्या म्हाताऱ्या वाटाड्याने ते पाहिले. तो धावत गेला नाही, ओरडला नाही. जवळ जाऊन त्याने फक्त हात पुढे केला.

गृहस्थ हसले. "अहो काका, इतके पडलेत. एकानं काय होणार आहे?"

"साहेब, इथं येणारा प्रत्येकजण एकच मागतो," म्हातारा म्हणाला.

गृहस्थ जरा घुटमळले. आजूबाजूला कुणी पाहत आहे का, हे त्यांनी पाहिले. पाहत होता तो आमचा नऊ वर्षांचा मुलगा. तो हळूच म्हणाला, "अंकल, ते साचं आहे."

तुकडा खिशातून बाहेर आला. म्हाताऱ्याने तो जिथून उचलला होता तिथेच, त्याच बाजूवर, ठेवून दिला. मला श्रीवास्तवांच्या त्या नकाशाची आठवण झाली. नुसते हाड असून भागत नाही. ते कुठे होते, कशाच्या शेजारी होते, यातच निम्मे ज्ञान असते. खिशात गेलेला तुकडा हा पुन्हा नुसता दगडच होतो.

रैयोलीतून अशा किती वस्तू गेल्या असतील याचा हिशेब कोण देणार? बालासिनोरच्या जुन्या राजघराण्यातल्या आलिया सुलताना बाबी यांनी इथे येणाऱ्या शास्त्रज्ञांच्या मागे मागे फिरून ही विद्या आत्मसात केली आणि या जागेची राखण व्हावी म्हणून अनेक वर्षे खटपट केली. गावातली एक बाई मसाला वाटायला जो गोल गोटा वापरीत होती, तो डायनासोरचे अंडे निघाला, ही हकीकत त्या सांगतात. धार जिल्ह्यातल्या पाडल्या गावात तर असले गोटे शेताचे आणि गुराढोरांचे रक्षण करणारे देव म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पूजले जात होते. त्यांचे नाव काकड भैरव. हे देव डायनासोरची अंडी आहेत ही बातमी २०२३ च्या डिसेंबरात वर्तमानपत्रांतून झळकली, तेव्हा शहरातले लोक हसले. मला मात्र त्या गावकऱ्यांचे हसू आले नाही. त्यांनी ती अंडी फोडली नाहीत, विकली नाहीत, खिशात घातली नाहीत. त्यांना शेंदूर लावला आणि सांभाळले. शास्त्र ठाऊक नसतानाही संग्रहालयाचे पहिले काम त्यांनी केले होते.

आपल्याकडे तरी दुसरे काय आहे? चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचे गाव आहे. नागपूरचे पाद्री हिस्लॉप यांच्या काळापासून, म्हणजे गेल्या दीडशेहून अधिक वर्षांपासून, तिथे डायनासोरच्या विष्ठेचे दगड सापडत आले आहेत. सुशिक्षित माणसाने नाक मुरडावे असाच हा विषय. पण लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो दगड सूक्ष्मदर्शकाखाली घातला आणि २००५ मध्ये जाहीर केले की त्यात गवताचे कण आहेत. आणि त्यांतले काही तर भाताच्या आणि बांबूच्या नातेवाइकांचे! डायनासोरच्या काळी गवत नव्हते, असे तोवर सगळे जग धरून चालले होते. ही समजूत विदर्भातल्या शेणाने खोटी ठरवली. त्याच भागातल्या डोंगरगावच्या टेकडीत निघालेला लांब मानेचा डायनासोर आज 'इसीसॉरस' या नावाने जगभर ओळखला जातो. आपल्याच जिल्ह्यात त्याचे नाव किती शाळांना ठाऊक असेल, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

आणि मग ही सारी दुनिया संपली. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर सुमारे दहा किलोमीटर व्यासाची उल्का येऊन आदळली. तिच्या धुरळ्याची खूण जगभरच्या खडकांत सापडते, हे अल्वारेझ पितापुत्रांनी १९८० मध्ये दाखवून दिले. पण त्याच सुमारास आपल्या घरातही आग लागली होती. भारताच्या पश्चिम भागात जमीन भेगाळली आणि लाव्हारस बाहेर आला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा, लाखो वर्षे. थरावर थर चढले. काही ठिकाणी त्यांची जाडी दोन किलोमीटरांच्या वर गेली. झीज होऊनही आज तो खडक पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापून आहे. लमेटाचे थर त्याच्या पांघरुणाखाली गेले. डायनासोर संपवण्यात उल्केचा वाटा किती आणि लाव्हाचा किती, यावर शास्त्रज्ञांची भाऊबंदकी अजून चालू आहे. पण एवढे खरे की, तो लाव्हा निवून जे झाले त्यालाच आपण महाराष्ट्र म्हणतो. मुंबईत वरळीच्या टेकडीत दोन लाव्हाथरांच्या मधल्या गाळात एका चिमुकल्या बेडकाचे सांगाडे सापडले. १८४७ मध्ये त्याचे वर्णन केले ते 'डायनासोर' हा शब्द देणाऱ्या त्याच ओवेनने. बलाढ्य राजे गेले. बेडूक मागे राहिले आणि पुढच्या पावसात पुन्हा ओरडू लागले.

ज्यांना रैयोलीला जायचे असेल त्यांनी हिवाळ्यात जावे. बडोद्याहून किंवा अहमदाबादेहून सकाळी निघाले तर संध्याकाळी परत येता येते. डोक्याला टोपी आणि पायांत चांगले बूट असावेत. मुलांना अवश्य न्यावे. आधी संग्रहालय पाहावे आणि मग माळरान. कारण आत जे पाहिले असेल तेच बाहेर दिसते. आणि खिसे रिकामे न्यावेत, रिकामे आणावेत.

आमची परतीची गाडी रात्रीची होती. पहाटे कल्याणला उतरून पुण्याची गाडी धरली आणि कर्जत सुटल्यावर उजाडले. बोरघाटातले ते काळे कडे, एकावर एक रचलेल्या पायऱ्यांसारखे. या खडकाला भूवैज्ञानिक 'ट्रॅप' म्हणतात, तेसुद्धा पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून. इतकी वर्षे मी या घाटातून जातो आहे. बोगदे मोजले, धबधबे पाहिले, कर्जतचा वडा खाल्ला. कड्याची एकेक पायरी म्हणजे लाव्हाचा एकेक पूर, हे मात्र कधी मोजावेसे वाटले नव्हते.

घरी आल्यावर सौभाग्यवतींनी माळ्यावरचा पाटा-वरवंटा खाली काढायला लावला. मिक्सर आल्यापासून तो तिथे पडून होता आणि दर दिवाळीच्या साफसफाईत त्याला रद्दीवाल्याकडे देण्याचा ठराव मांडला जाई. माझ्या आजीच्या हातचा तो काळा, गुळगुळीत वरवंटा. रैयोलीची बाई ज्या गोट्याने मसाला वाटीत होती ते डायनासोरचे अंडे होते. आणि माझी आजी ज्याने पुरण वाटीत होती तो ते डायनासोर संपत असताना धगधगत वाहिलेला लाव्हा.

यंदाच्या साफसफाईत तो ठराव कुणी मांडला नाही. पाटा-वरवंटा धुऊन पुसून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवला आहे. बडोद्याच्या पाहुण्याला पत्र लिहिले आहे की दिवाळीत ये. आमच्याकडेही एक साचं आहे.